त्या दाराची खरी हकीकत

फिनेलचा उग्र वास आला की मला राजारामपुरीतला तो दवाखाना आठवतो, आणि पाठोपाठ माझ्या मेहुण्याची लोणकढी थापही. प्रत्येक लग्नकार्यात तो सांगत सुटतो की, दाजींनी छातीचा कोट करून पोरीला डॉक्टरांसमोर बसवले आणि तिला कॅन्सर असल्याचे स्वतः सांगितले. साफ खोटे! नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझी मुलगी तेव्हा बावीस वर्षांची होती आणि तिच्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट आदल्याच दिवशी आला होता, कॅन्सरच निघाला होता. गाठ क्षयाची आहे, असे मी तिला सांगून ठेवले होते. तेव्हाच्या रीतीप्रमाणे आजारी माणसाला बाहेरच्या बाकावर बसवून आम्ही दोघे पुरुष, मी आणि मेहुणा, आत गेलो. डॉक्टर उपचार समजावू लागले, तोच कोणीतरी दार ढकलले. "दाजी, दार धरा की! पोरगी हाय खाईल," मेहुणा ओरडला, आणि मी उठून दाराला खांदा लावला. पलीकडून ती म्हणाली, "आबा, सोडा. सुया मला टोचणार, आन् ठरवणार तुम्ही व्हय?" माझा खांदा आपोआप सैल पडला. ती आत आली, माझ्याच खुर्चीत बसली आणि डॉक्टरांना म्हणाली, "आता पहिल्यापासनं सांगा." आज ती पन्नाशीला आली आहे, आणि तिचे धैर्य कोणी माझ्या पदरात घातलेले मी ऐकून घेणार नाही. त्या दिवशी मी ते दार उघडले नव्हते. आतून दाबून धरले होते.