कंदिलातला मोर

लग्नपत्रिका आली की मी नावं नंतर वाचते, आधी रंग बघते. दिवाळीच्या तोंडावर यांच्या मित्राच्या मुलीची पत्रिका आली आणि मी हरखूनच गेले. मोरपंखी कागद, राणी रंगाची वेलबुट्टी, मधोमध सोनेरी मोर! असला मोर कपाटात कोंडायचा? छे! मी तो कापून आकाशकंदिलाच्या पिवळ्या पतंगी कागदावर चिकटवला.

उदबत्तीचे पुडे, मिठाईच्या खोक्यांची झाकणं, मी सगळं जपते. हे त्याला कचरा म्हणतात. पण वस्तूचं काम संपलं तरी तिचा रंग थोडाच संपतो?

तुळशीचं लग्न झालं आणि त्या मुलीच्या लग्नाची सकाळ उजाडली. "अगं, पत्रिका कुठाय? कार्यालय कुठलं?"

मी गुपचूप गॅलरीतल्या कंदिलाकडे बोट दाखवलं. हे चरफडत स्टुलावर चढले. मोराच्या मागच्या बाजूला छापलेला मजकूर पतंगी कागदातून वाचायला त्यांनी खालून कंदिलात डोकं घातलं. कोवळं ऊन कंदिलावर पडलं होतं. डोकं काही बाहेर येईना.

"अहो, सापडलं का कार्यालय?"

"सापडलं गं," आतून आवाज आला, "पण थांब जरा. काय सुंदर दिसतंय इथून!"