तनूची शेवटची रेड आणि माझी शाल

माझ्या मुलीची कबड्डी मी दोनदा बंद पाडली. एकदा घरात बसून आणि एकदा माईकवरून.

घरातलं आधी सांगते. तनू बारावी झाली, नर्सिंगला नंबर लागला आणि मी जाहीर केलं, "बास झाली आता कबड्डी. हातपाय मोडून घ्यायचेत का?" ती भांडली नाही. (भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मी कधी हरत नाही.) नुसतं म्हणाली, "काष्टीची स्पर्धा तेवढी खेळते. शेवटची. आणि मम्मी, सहा वर्षांत तू माझी एकही मॅच बघितली नाहीस. या एका मॅचला ये. रेड करतानाचा एक फोटो काढ. चेहरा दिसला पाहिजे."

हे मला इतकं लागलं की दुसऱ्याच आठवड्यात मी कॅमेरा विकत आणला.

"मोबाईलवर निघत नाही का फोटो?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"रात्रीची मॅच आहे! पळणारं माणूस मोबाईलमध्ये धुरासारखं येतं!" (हे ज्ञान मला व्हिडिओ बघून पंधरा मिनिटांपूर्वीच झालं होतं.)

सरावासाठी ह्यांना जेवण झाल्यावर गच्चीवर पळायला लावलं.

"कबड्डी कबड्डी म्हणा!"

"ते कशाला? फोटोत आवाज येतो का?"

"तोंड हलताना दिसलं पाहिजे!"

शटरचा वेग वाढवला की फोटो काळाकुट्ट. कमी केला की ह्यांना तीन डोकी. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू घरी येऊन हळूच विचारून गेल्या, "भाऊजींना दवाखान्यात दाखवलं का?" त्यानंतर ह्यांनी गच्चीवर पाऊल टाकलं नाही. मला फोटोतलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी मॅचच्या दिवशी मी कॅमेरा गळ्यात अडकवून नगरच्या केडगावहून निघाले.

सामने सातला होते, म्हणजे दहाला सुरू झाले. मैदानाभोवती दोरी आणि दोरीला चिकटून अख्खं काष्टी गाव. छातीला बिल्ला लावलेले एक अण्णा आडवे आले.

"ताई, दोरीच्या आत न्हाई यायचं." मग त्यांची नजर कॅमेऱ्यावर गेली. "नगरवरनं आलाय का? पेपरवाल्या हाय का तुमी?"

इथं मला सरळ सांगता आलं असतं, की मी सात नंबरच्या पोरीची आई. पण आत, अगदी रेषेला लागून, एक रिकामी खुर्ची दिसत होती.

"नगरचीच आहे," मी म्हटलं. यात खोटं काय होतं?

"फोटू छापून यील न्हवं?"

"बघू."

या 'बघू'नं माझं वाटोळं केलं. खुर्ची मिळाली, पाण्याची बाटली आली, चहाही आला. नुसत्या आईला कोण चहा देतं?

पहिल्या डावात मी बोट दुखेपर्यंत फोटो काढले. दिव्याभोवतीचे किडे आले, पंचांचं पोट आलं. एकात तनूची वेणी आली, तनू नाही. घाईत फ्लॅश उडाला तो थेट समोरच्या रेडरच्या डोळ्यांत!

"ओ बाई! लाइट बंद करा तो!" पंच ओरडले. तनूनं मैदानातूनच कपाळावर हात मारला.

शेवटची दोन मिनिटं राहिली. गुण बरोबरीत. आता तनूच जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. मी शटर नीट लावलं, गुडघ्यावर बसले, श्वास रोखला. आणि भोंगा बोलला, "आपल्या सामन्यांसाठी नगरहून खास आलेल्या पत्रकार भगिनींचा सत्कार आता सरपंचबाईंच्या हस्ते होईल!"

"अहो, आत्ता नको!"

"पाव्हनं निघालेत ताई, मग कोन करनार?" अण्णांनी माझ्या गळ्यातला कॅमेरा काढून स्वतःच्या गळ्यात घातला. "दोनच मिन्टं. तुमचा बी एक फोटू काढतो."

व्यासपीठ पाहुण्यांनी गच्च भरलं होतं, म्हणून मला त्याच्यासमोर खाली उभं केलं, मैदानाकडं पाठ करून. अण्णा कॅमेरा घेऊन वर चढले. शाल आली, नारळ आला आणि मी काही म्हणायच्या आत माईकही आला. "दोन शब्द बोला!"

तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं. पण मेलं माईक हातात आला की काय होतं कोण जाणे! मी म्हटलं, "मुलींना खेळू द्या! शिक्षणाच्या नावाखाली त्यांचा खेळ अर्ध्यावर तोडू नका! आईनंच मुलीच्या मागं उभं राहायला पाहिजे!"

टाळ्या कडाडल्या. आणि माझ्या पाठीमागं शिट्टी वाजली.

तनू रेडला गेली होती. सहा वर्षं तिचा दम कधी तुटला नव्हता. भोंग्यातून माझं भाषण कानावर पडलं आणि तिला हसू फुटलं. 'कबड्डी कबड्डी' थांबलं, दम तुटला, समोरच्यांना एक गुण. त्या एका गुणानं सामना गेला.

परतताना गाडीत नारळ माझ्या मांडीवर. श्रीगोंदा फाट्याच्या पुढं आल्यावर मी म्हटलं, "तनू, चुकलं गं माझं."

"कुठलं?" तिनं विचारलं.

 मला रडू आलं, मी डोळे शालीला पुसले.

मी काढलेल्यांपैकी एकही फोटो धड नव्हता. अण्णांचा मात्र लख्ख आला. पुढं मी, शाल पांघरून, नारळ छातीशी धरून, आ वासून उपदेश करतेय. मागं समोरच्या पोरींच्या कोंडाळ्यात तनू, माझ्याकडं बघून हसतेय. रेड करतानाचाच फोटो आहे. चेहरा अगदी स्पष्ट दिसतोय.

तनू आता नर्सिंगच्या होस्टेलला असते. मी फोन केला की तिच्या मोबाईलवर तोच फोटो झळकतो. परवा मी वैतागून म्हटलं, "फोन उचलायला इतका वेळ का लावतेस गं?"

"तुझं भाषण संपायची वाट बघते, मम्मी."