तेरावा खड्डा

आमच्या वस्तीतील पर्यावरण मंडळाची वृक्षनिष्ठा वादातीत होती. वर्षातून एकदा, सकाळी नऊ ते साडेनऊ, ती ओसंडून वाहत असे. मैदानाच्या कडेला बारा खड्डे होते. दर वर्षी बारा मान्यवर त्याच खड्ड्यांत बारा रोपे लावत, छायाचित्रे काढवून घेत आणि अल्पोपाहाराकडे वळत. हात मळू नयेत म्हणून रोप प्लास्टिकच्या पिशवीसकट खड्ड्यात उतरवण्याची प्रथा या विद्वत्परिषदेने रूढ केली होती. मुळे पिशवीत कोंडून मरत. त्याचे वैषम्य कुणालाच नव्हते. पुढील वर्षी खड्डे आयते मिळत.

मंडळात केवळ एक मनुष्य सामान्य गणला जाई: चाळीस वर्षे लोकांचे नळ दुरुस्त केलेले नळकाका. भाषण येत नाही, म्हणून त्यांच्याकडे खुर्च्या मांडण्याचे काम. गेल्या वर्षी समारंभानंतर त्यांनी शेवटच्या रोपाची पिशवी फाडली आणि तेव्हापासून भाज्या धुतलेले पाणी रोज बादलीने नेऊन घातले. एकाहून अधिक खेपा त्यांच्या गुडघ्यांना झेपत नसत.

"गुडघ्याला तेल लावायला वेळ नाही, झाडाला मात्र रोज आंघोळ," असे काकू कुरकुरत आणि बादली स्वतःच भरून दारात ठेवत.

झाड काकांच्या खांद्याला लागले आणि मंडळावर धर्मसंकट ओढवले. यंदाही मान्यवर बाराच. रिकामे खड्डे अकरा.

"काका, ते झाड जरा बाजूला घ्या," सचिव म्हणाले.

"झाड आहे साहेब. खुर्ची असती तर घेतली असती."

"मग उपटू. प्रमुख पाहुण्यांना काय हवेत रोप लावायला सांगू?"

समारंभाच्या दिवशी पहाटेच काका कुदळ घेऊन मैदानावर गेले आणि त्या कठीण मुरमात, तीनदा बसून उठून, त्यांनी तेरावा खड्डा खणला. झाड वाचले. पाहुण्यांनी नव्या खड्ड्यात पिशवीसकट रोप ठेवले, टाळ्या झाल्या.

पांगापांग होताच काका पाते घेऊन एकेका रोपापाशी बसू लागले. सचिव धावत आले.

"अहो, उपटताय काय?"

"पिशव्या काढतोय. जगतील."

"सगळी जगली तर पुढच्या वर्षी लावायची कुठं?"

इतका प्रांजळ प्रश्न त्या मंडळात पूर्वी कुणी विचारला नसावा. काकांनी मान वर न करता पुढची पिशवी फाडली.

दुसऱ्या सकाळी काका आपली एकुलती बादली घेऊन त्या बारा तहानलेल्या रोपांसमोर उभे होते. मैदानासमोरच्या घरातून एक वृद्धा कळशी घेऊन आल्या. त्या सचिवांच्या मातोश्री. खिडकीतून सारे पाहत आल्या होत्या.

"आमच्या चिरंजीवांनी लावलेलं कुठलं हो?"

काकांनी बोट दाखवले.

"ते राहू द्या शेवटी," असे म्हणून त्यांनी कळशी शेजारच्या रोपाला ओतली, आणि वळून घराकडे हाक दिली, "सूनबाई, दुसरी आण. आणि त्याला उठव. दोन हात त्यालाही आहेत."