झाडपाल्याला औषध कोण म्हणतं?

त्या हिरव्या पुडीचा वास आठवला की मला अजून मळमळतं. ओल्या पोत्याखाली पाला कुजतो ना, तसला. आमचे हे रोज संध्याकाळी दूध कट्ट्यावर जायचे, डोळ्यांदेखत म्हैस पिळून घ्यायचे आणि त्या धारोष्ण दुधात पूड कालवून घटाघट प्यायचे. साखरेचा पेशंट माणूस! मिशीला हिरवा फेस तसाच घेऊन घरी यायचे आणि माझ्यासमोर ढेकर द्यायचे. शी!

घरात नुकता फोन आला होता, त्या वर्षांतली गोष्ट. पूड आणली माझ्या दिरानं, बाजारात तंबू ठोकून बसलेल्या कुठल्याशा बाबाकडनं. साखरेवर डॉक्टरांची गोळी चालूच होती. पण गोळीच्या जोडीला पूड असली की काम लवकर होतं, असं कट्ट्यावरच्या शहाण्यांचं म्हणणं.

मी लेकीच्या बाळंतपणाला कागलला गेले आणि इकडं ह्यांच्या रक्तात लिव्हरचे आकडे वाढलेले निघाले. डॉक्टरांनी आधी विचारलं, दारू घेता का? गळ्यात लिंग असलेला लिंगायत माणूस, हे भडकलेच. "उभ्या जन्मात शिवलो न्हाय!" मग विचारलं, आणखी कुठलं औषध? तर हे म्हणाले, "न्हाय." आणि बघा, ते खोटं बोलत नव्हते. औषध म्हणजे गोळी नाहीतर सुई. झाडपाल्याला आमच्यात कोण औषध म्हणतं?

"गोळी सोडू नका, थोड्या दिवसांनी परत रक्त बघू," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण भावजींनी घरी येऊन निकाल दिला, "मी म्हनत न्हवतो दादा? इंग्रजी गोळ्या लिव्हर जाळत्यात!" झालं. गोळी बंद, पूड दुप्पट.

मी परत आले तर दारात पिवळ्या डोळ्यांचा माणूस उभा. अन्न बघितलं की उलटी, लघवी हळदीच्या पाण्यासारखी. आता हा माणूस काही हाताला लागत नाही, असंच वाटलं मला. पुडीचा डबा पदरात घेतला आणि ह्यांना रिक्षात घालून दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी झाकण उघडलं आणि तोंड फिरवलं. "मावशी, हे कधीपासून?"

"लई दिस झालं की. दुधातनं घेत्यात."

"अहो, मी विचारलं होतं ना यांना!"

"त्यो झाडपाला हाय, डॉक्टर," हे खाटेवरनं म्हणाले. त्या अवस्थेतसुद्धा!

पूड बंद झाली. साखरेसाठी डॉक्टरांनी काही दिवस सुई दिली, मग परत तीच गोळी. हळूहळू डोळे निवळले, आकडे खाली आले. म्हणजे गोळीचा दोष नव्हताच.

हे बरे झाल्यावर भावजी जेवायला आले. भाकरी मोडता मोडता म्हणतात कसे, "बघा वैनी, पुडीचा गुन जरा उशिरानं येतो."

आणि ह्यांनी मान डोलावली. डोलावली हो! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"भावजी, साखर तुमालाबी हाय की. तुमी का घेत न्हाय पूड?"

"मी?" ते आमटीत भाकरी कुस्करत म्हणाले, "मला डॉक्टरची गोळी बरी लागू पडलीया. उगंच कशाला?"

ह्यांचा घास हातातच राहिला. भावजी मात्र जेवत होते. वर आमटी मागितली आणखी. मी पळी पातेल्यात टाकली आणि बाहेर जाऊन बसले.