सात करडं आणि पिठाचा पाय

साल दोन हजार तेवीस, वय एकाहत्तर. शाळा दुसरीपर्यंत. पण अक्षराला अक्षर जोडून मला वाचता येतं, आणि शेळ्यांतलं मला शिकवील असा माणूस भूम तालुक्यात अजून जन्मायचाय.

नात पाच वर्षांची, गावच्या अंगणवाडीत. तिनं तिथं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "आमचे आबा लई भारी गोष्ट वाचतात." मग बाईंनी मला बोलावलं आणि हातात चित्रांचं पुस्तक दिलं. समोर पंधरा-वीस पोरं, त्यांच्या पुढं मांडी घालून आमची नात. थाट असा, जणू तिचंच लग्न.

पहिलंच पान. एक पांढरी शेळी, तिला सात करडं.

मी पुस्तक मिटलं. "हे खोटं हाय," म्हटलं. "शेळीला सडं दोन. करडं दोन, लई झालं तर तीन. सात पाजणार कशी?"

"बाटलीनं," एक पोरगी म्हणाली.

"गप. हिची दोन. बाकीची पाच शेजारची, खेळायला आलेली."

पुढं शेळी चरायला जाते. लांडगा दार वाजवतो, आईचा आवाज काढतो. करडं म्हणतात, आधी पाय दाखव. तर तो पायाला पीठ फासून पाय पांढरा करतो. इथं माझं डोकंच फिरलं. आपल्याकडची शेळी काळीभोर. तिच्यासारखं दिसायचं तर तव्याची काजळी फासावी का पीठ? मी लांडग्याला सरळ चुलीपाशी नेला आणि काजळी फासून आणला.

"आबा, चित्रात पीठ हाय," नात हळूच म्हणाली.

"चित्र काढणाऱ्यानं शेळी बघितली न्हाय."

लांडग्यानं करडं गिळली. तेवढ्यात एक शेंबडं पोर उठलं. "मग शेजारच्या करडांच्या आया कुठं होत्या?"

"बाजाराला."

"आज कुठं बाजार हाय?"

सगळी पोरं खिदळली. नात सोडून. ती रडवेली होऊन ओरडली, "तुम्हाला वाचताच येत न्हाय!"

आता बघा, मला वाचता येत होतं म्हणून तर पुस्तकातलं खोटं दिसलं, तिथंच सगळा घोळ झाला. पण हे सांगायचं कुणाला?

घरी आल्यावर पोर बोलेना. माझ्या भाकरीचा पापुद्रा रोज तिचा. त्या दिवशी ती भिंतीकडं तोंड करून जेवली. पापुद्रा ताटात तसाच.

बायको म्हणाली, "अवं, चुकलं म्हणा की तिला."

"काय चुकलं? सडं मोजून दाखवू?"

"पन्नास वर्षं संसार केला. एकदा तरी त्यो शब्द कानावर पडू द्या."

तो शब्द माझ्या तोंडात बसतच नाही, त्याला मी तरी काय करू? पण पापुद्रा बघून मीही ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पोरं आत बसली तसं मी जाऊन अंगणवाडीचं दार वाजवलं आणि बारीक आवाज काढला, "माझ्या सातही लेकरांनो, दार उघडा. आई आलीया."

आत खुसफुस झाली. मग ओळखीचा आवाज आला, "आधी पाय दाखवा!"

मी चप्पल काढली, धोतर वर खोचलं आणि ज्वारीच्या पिठानं गुडघ्यापर्यंत पांढराफेक केलेला पाय दाराच्या फटीतून आत घातला.