सौंसर रेड

सरकारी केंद्रात सहा वर्षं रोजंदारी केली. कायम कोणीच झालं नाही, किस्से तेवढे जमत गेले. आता सांगायचाही कंटाळा येतो. पण कोणी वाइनचं नाव काढलं की राहवत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सौंसरजवळच्या आमच्या केंद्रात संत्र्याचं सरबत व्हायचं. साहेबांनी कुठल्याशा मासिकात वाचलं, की परदेशात अमुक मुलखाची म्हणून वाइन महाग विकली जाते. झालं! जांभळाचा रंग, संत्र्याचा आंबटपणा, नाव ‘सौंसर रेड’, खाली ‘प्रीमियम’. भोपाळला सँपल पास झालं तर आम्ही सातही जण कायम होणार होतो.

*

साहेबांचा हुकूम होता, रामाकोन्याची जांभळं वेगळी, बोरगावची वेगळी. प्रत्येक टोपलीला चिठ्ठी. आमच्यातल्या सर्वांत वडील सुमनमावशी. त्यांनी सगळ्या टोपल्या एकाच हौदात रिकाम्या केल्या.

“साहेब, जांभूळ काही गाव सांगत नाही,” मावशी म्हणाल्या.

साहेब तासभर डोकं धरून बसले. मग रजिस्टर उघडून लिहिलं, ‘ब्लेंड’.

*

पोळ्याच्या आठवड्यात सावरगावचे चौघे डबे घेऊन हजर. लाल दारूची खबर नदीपलीकडे पोचली होती. ही वर्षभर मुरवायची असते, असं मी समजावलं. त्यातला एक म्हातारा माझ्याकडे कीव करून पाहत राहिला.

“वर्षभर? तुमच्या इथं पिणारं कोणीच नाही का बाप्पा?”

*

खरंच नव्हतं. साहेबांना अल्सर. स्टोअरकीपरच्या गळ्यात माळ. आम्ही सातही जण बौद्ध, दर रविवारी विहारात पंचशील म्हणणारे, आणि पाचवं शील मद्य न पिण्याचं. रजिस्टरात ‘चव’ असा रकाना होता. साहेब वास घेऊन दर महिन्याला ‘उत्तम’ लिहायचे. वर्षभर आम्ही न चाखलेली दारू सांभाळली.

*

सँपल जायच्या दिवशी वास बिघडल्यासारखा वाटला. ड्रम तीन. कुठला आंबला, कळेना. खराब सँपल गेलं असतं तर सगळेच घरी बसलो असतो. साहेब माझ्याकडे पाहत होते आणि मी जमिनीकडे. मला आजही त्याची लाज वाटते.

सुमनमावशींनी चमचा धुतला. तिन्ही ड्रममधली एकेक चमचा चाखली. मी म्हटलं, थुंकून टाका. त्यांनी थुंकली नाही.

“मधातला धाडा,” मधल्या ड्रमकडे बोट करून एवढंच बोलल्या आणि बाटल्या धुवायला बसल्या.

*

त्या रविवारी विहारात मावशी शेजारीच होत्या. चार शीलं आमच्याबरोबर म्हटली. पाचव्याला हात जोडलेलेच, पण ओठ बंद. पुढच्या रविवारी तेच. त्याच्याही पुढच्या.

भोपाळचं उत्तर काही आलं नाही. आज येईल, उद्या येईल करत दोन वर्षं गेली. मावशी चारच शीलं म्हणत होत्या. शेवटी एकदा बाहेर चपला घालताना मी विचारलं, “मावशी, तीन चमच्यांचं किती दिवस मनात धरून राहणार?”

“धरून कायले राहू?” त्या म्हणाल्या. “ऑर्डर येऊ दे ना आधी. मधातच पुन्हा चाखा लागली तं?”