एक वाजताचा सामना

आमच्या गावात रविवारी बारा वाजता जेवायला बसतात आणि अडीचच्या आत कुणी उठत नाही. सूप, ससा, चीज, मग कॉफी, आणि कॉफीत दारूचा थेंब. तीनला पुरुषांचा फुटबॉलचा सामना. बायकांचा एक वाजता, म्हणजे सगळं गाव सशाची हाडं चोखत असतं तेव्हा. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, असं क्लबचे अध्यक्ष म्हणतात. त्या मैदानावर बिअरची टपरी मी चालवते, मला कुणी शिकवू नये.

मारीवॉन या एक वाजताच्या सामन्यांत वाढली. शाळेच्या खानावळीत बटाटे सोलणारी ही पोरगी पुढे फ्रान्सच्या संघात गेली आणि मधल्या फळीत वर्षानुवर्षं खेळली. बल्गेरियात सामना खेळून पहाटे परतायची आणि बॅग कोपऱ्यात टाकून तशीच सोलायला बसायची, कारण रजा बिनपगारी. पेपरात तिच्या वाट्याला दोन ओळी यायच्या, कबुतरांच्या शर्यतीच्या निकालाखाली. तिला त्याचंही काही वाटत नसे. बापाने एकदा तरी आपल्याला खेळताना पाहावं, एवढंच तिला हवं होतं.

बाप ओमेर, खाणीतून निवृत्त झालेला. पुरुषांचा सामना त्याने तापातही चुकवला नाही.

"पपा, एक दिवस जरा लवकर उठा ना टेबलावरून."

"चीजच्या आधी?" ओमेर खरोखर दचकायचा. "लोक काय म्हणतील, घरात भांडण झालं?"

मी अध्यक्षांना गाठलं. म्हटलं, एखाद्या रविवारी वेळ बदला. ते हसले. "अगं, बायकांनी गवत तुडवून मऊ करून ठेवलं की आमच्या पोरांना बरं पडतं."

"मग गायीच आणा," मी म्हटलं. त्यांनी पुढचे दोन आठवडे माझ्याकडे बिअर घेतली नाही. माझं काही अडलं नाही.

मारीवॉनचे गुडघे संपत आले तेव्हा नशिबाने एक दान टाकलं. बेल्जियमविरुद्धचा फ्रान्सचा सामना आमच्याच मैदानावर आला, आणि तोही शनिवारी. सशाची अडचण नाही. तिचा हा शेवटचा सामना, हे तिने मला आधीच सांगितलं होतं, आणि बापालाही. ओमेरने कोट इस्त्री करून घेतला. अध्यक्षांनी पुढच्या रांगेत ठेवलेली खुर्ची मात्र त्याने घेतली नाही. तो आपल्या नेहमीच्या जागी, कोपऱ्यातल्या कठड्याला टेकून एकटाच उभा राहिला.

ती काय खेळली त्या दिवशी! मी गिऱ्हाइकं सोडून बघत राहिले. बेल्जियमच्या पोरींना तिने चेंडूचा वास येऊ दिला नाही. दोन्ही गोल तिच्या पायातून निघाले.

सामन्यानंतर ती ओले केस घेऊन टपरीपाशी आली. ओमेर आधीच तिथे ग्लास घेऊन उभा होता. चेहरा फुललेला.

"छान उभी राहिलीस गोलवर," तो म्हणाला. "सगळा वेळ तुझ्यावर नजर ठेवली होती. काम फारसं पडलं नाही, पण त्याला तू काय करणार?"

गोलवर फ्रान्सची दुसरीच मुलगी होती. मारीवॉन उभ्या जन्मात गोलवर उभी राहिली नव्हती. ओमेरचे डोळे खाणीने केव्हाच अधू केले होते. आमच्या पुरुषांची तोंडं त्याला दिसत नसत, तो त्यांना धावण्यावरून ओळखायचा. एकेकाची चाल त्याला पाठ होती. पोरीची चाल त्याने कधी पाहिलीच नव्हती, मग ओळखणार कशी? जी एका जागी उभी दिसली, तिलाच त्याने आपली धरली.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"हो पपा," ती म्हणाली. "आज काम कमीच होतं."

मला त्या म्हाताऱ्याच्या अंगावर ग्लास ओतावासा वाटला. ओतला नाही, कारण तो खरंच खूश होता.

त्यानंतरच्या रविवारी एक वाजता आमच्या पोरींचा सामना झाला. मैदानावर मी, रेफ्री आणि कुणाचंतरी कुत्रं. सगळ्यांना वाटलं होतं, आता मोकळी झाली, मारीवॉन येईल, पोरींना दोन शब्द सांगेल.

ती आली पावणेतीनला, पुरुषांच्या सामन्याला, बापाला हाताला धरून, पोटभर जेवून.